उतरत्या क्रमाने

"निमे, उतरता म्हंजे कसा वो?"

केसर माझ्या टेबलासमोर उभी होती. मंगळवार, दुपारचे बारा, पुसद पंचायत समितीची आवक-जावक शाखा. तिच्या एका हातात लीगचं परिपत्रक होतं, घड्या घालघालून मऊ पडलेलं, आणि दुसऱ्या हातात अर्ज. पाच फूट दहा इंचांची ती बाई कचेरीत शिरली की आमचा शिपाईसुद्धा उगाच उठून उभा राहायचा.

"आधी बस तर खरी," मी म्हटलं. "अर्ज कशाचा आणला?"

"जर्सीच्या नंबराचा. पुढच्या सालापासून मले सात नंबर नको. सतरा दे. सात रोशनीले ठेवजो."

मी अर्ज हातात घेतला. खाली सही होती 'केसर राठोड, कर्णधार, पुसद'. अक्षर चौथीतल्या पोरीसारखं, पण एकेक ओळ पट्टी लावून आखलेली.

रोशनी म्हणजे केसरची पोरगी. सोळाव्या वर्षी केसरचं लग्न झालं, सतराव्या वर्षी रोशनी झाली. मैदानाच्या कडेला चादर टाकून त्या लेकराला निजवायची आणि आमच्यासोबत धावायची. लेकरू रडलं की जिच्या हातात बॉल नसेल तिनं जाऊन थोपटायचं, असा आमचा नियमच होता. मी तर बहुतेक जास्त थोपटलं असेल. माझ्या हातात बॉल तसाही कमीच राहायचा. त्या लेकराला आता अठरा पूर्ण होत होती आणि उंचीत ती आईच्या कानाला लागली होती.

"पोरगी पुसदला येईल हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. "वाटप व्हायचंय अजून."

"म्हणूनच तं इचारून रायली." तिनं परिपत्रक माझ्यापुढे पसरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाच. तूच लिहेल हाय ना?"

ओळ मीच लिहिली होती. तेव्हा मला तिचा भारी अभिमान होता. 'उपांत्य फेरीच्या शर्यतीतून बाद झालेल्या संघांस, बाद झाल्यानंतर मिळविलेल्या गुणांच्या उतरत्या क्रमाने, नवीन खेळाडू निवडीचा हक्क राहील.' काय भाषा! कलेक्टर कचेरीतून यावी अशी.

"उतरता म्हंजे जो खाली उतरला त्याचा हक्क पहिला," केसर म्हणाली. "असंच ना?"

आता इथं जरा थांबून सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमची वऱ्हाडातली बायकांची बास्केटबॉल लीग म्हणजे सहा गावांचे सहा संघ आणि सहा जिनिंगवाले मालक. महिन्याला मानधन, येण्याजाण्याचं भाडं, वर्षाला दोन जोडी बूट. त्या काळी एवढ्यावर आम्ही स्वतःला राणी समजत होतो. दरवर्षी अठरा पूर्ण झालेल्या नव्या पोरींचं वाटप व्हायचं. पोरीला स्वतःचं गाव मागता येत नसे, नाहीतर ज्याची थैली मोठी त्याच्याकडेच सगळ्या गेल्या असत्या. म्हणून जुना नियम असा की जो संघ शेवटी राहील त्यानं पहिली पोरगी उचलायची. दुबळ्याला बळ मिळावं, हेतू चांगलाच होता. पण माणसाची जात! मोसमाच्या शेवटी खालचे संघ पहिली पोरगी मिळावी म्हणून मुद्दाम हरायला लागले. आम्ही त्याला 'लोळण' म्हणायचो.

आणि लोळण घ्या असं कुणी कधी तोंडानं सांगत नसे. मालक यायचा आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणायचा, "पोट्ट्यांनो, आज जीव तोडून खेळा!" खरंच जिंकायचं असेल त्या दिवशी तो अवाक्षर काढत नसे, नुसता मैदानाच्या पाया पडायचा. 'जीव तोडून' ऐकलं की समजायचं, आज हरायचंय. कुणी खोदून विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असायचं, "मला काही माहीत नाही बाप्पा." म्हणजे हो. आमच्या लीगमध्ये सरळ बोलणं बंदच पडलं होतं म्हणा ना.

हे सगळं मोडून काढायला लीगची समिती नेमली गेली आणि खेळाडूंकडून तिच्यात मी गेले. मी खेळणं सोडून तीन वर्षं झाली होती. नवा नियम माझाच. संघ शर्यतीतून बाद झाला की तिथून पुढे जो जास्त जिंकेल त्याला पहिली पोरगी. हरून काही मिळायचंच नाही. सगळ्यांनी मान डोलावली, अध्यक्ष म्हणाले, "गावंडे बाई, तुम्हीच लिहून काढा, तुमची भाषा चांगली आहे." काढलं लिहून.

त्या साली पुसद आणि खामगाव दोघंही बाद झाले होते. गुण सारखे. शनिवारी दोघांचा आपसांत शेवटचा सामना होता. जो जिंकेल तो पहिली पोरगी उचलणार आणि त्या सालच्या पोरींत पहिली कोण, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"निमे, बोल ना," केसर म्हणाली. "डॉक्टरनं मले एकच साल देलं हाय. गुडघ्यातली वाटी झिजली म्हणते. एक साल पोरीसंगं खेळली की झालं वो माया जल्माचं. मंग काठी घेऊन बसीन." ती हसली. "तिनं पास द्यावा आन् मी टाकावा, नाई तं मी द्यावा आन् तिनं टाकावा. बस. दुसरं काई मांगत नाई देवाले."

तिला उलटं समजलंय, हे मला दिसत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. 'अगं वेडे, उतरता म्हणजे वरून खाली. ज्याचे गुण जास्त त्याचा नंबर पहिला. जिंका!' इतकंच.

मी म्हटलं, "मी समितीत आहे, केसर. एका संघाला वेगळं काही सांगता येत नाही मला. परिपत्रकात लिहिलंय तेच."

केसरनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच एक डोळा मिटला.

"समजलं," ती म्हणाली. "तू कमिटीतली. तुयी अडचण समजते मले." परिपत्रकाची घडी करून तिनं पोलक्यात ठेवली. दाराशी जाऊन वळली. "पोरीले बोलू नको पण काई. तिले हे लोळण-बिळण पटत नाई. शिकेल हाय ना ती."

ती गेली. मी तिच्या अर्जावर आवक क्रमांक टाकला.

शनिवारी चार वाजता सामना. पुसदचं मैदान, सिमेंटचं, कडेला लाकडी फळ्यांची बसायची सोय. लोक भरपूर, कारण नव्या नियमाची वार्ता पसरली होती आणि बऱ्याच वर्षांनी शेवटचा सामना खरा होणार होता. मी लीगची निरीक्षक म्हणून स्कोअररच्या टेबलाशी बसले होते. सामना सुरू असताना निरीक्षकानं कुठल्याही खेळाडूशी बोलू नये, हे कलम अकरा. तेही माझंच.

रोशनी समोरच्या फळीवर बसली होती, तेलकट दोन वेण्या, हातात गुळपट्टी. मला पाहून ओरडली, "मावशी, आज आम्हीच!"

सुरू होण्याआधी पुसदचे ढोले सर पोरींना गोळा करून म्हणाले, "आज जीव तोडून खेळा रे पोट्ट्यांनो."

बिचारे ढोले सर! नवे होते, यवतमाळच्या शाळेतून आलेले. जुनी बोली त्यांना ठाऊक नव्हती. त्यांना खरंच जीव तोडायचा होता. मी केसरकडे पाहिलं. ती मान हलवत होती, अगदी समजूतदारपणे, एखाद्या सासूनं सांगितलेलं ऐकून घ्यावं तशी.

बाकीच्या पोरी तरण्या होत्या, त्यांना वाटपाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या जिवावर उदार होऊन धावत होत्या. केसर मात्र चलाख. उघड काही करत नव्हती. पास अर्ध्या वितीनं मागे जायचा. उडी अर्ध्या श्वासानं उशिरा यायची. लोकांना वाटलं, गुडघा. मी तिच्यासोबत पंधरा वर्षं खेळले होते, मला काय वाटायचंय!

मध्यंतरात ती पाण्याच्या माठाशी आली. माठ माझ्या टेबलाच्या मागेच होता. पेला तोंडाला लावून, माझ्याकडे न बघता ती पुटपुटली, "निमे, बरोबर चाललंय ना?"

मी स्कोअरशीटमध्ये मान घातली. पेन उगाचच एका आकड्यावरून फिरवत राहिले.

"समजलं," ती म्हणाली आणि गेली.

सामना शेवटच्या मिनिटापर्यंत आला तेव्हा खामगाव अठ्ठावन्न, पुसद सत्तावन्न. तरण्या पोरींनी ओढून आणला होता. चार सेकंद उरले असताना खामगावच्या पोरीनं केसरला धक्का दिला. शिट्टी. दोन फ्री थ्रो.

एक टाकला तर बरोबरी, दोन टाकले तर जिंकलं. आणि टाकणार कोण, तर केसर. त्या सबंध सालात तिनं फ्री थ्रो चुकवले होते फक्त चार. माझ्याकडे कागदावर होते ना!

ढोले सरांनी डोळे मिटून हात जोडले. रोशनी फळीवर उभी राहिली आणि ओरडली, "आई, आरामानं! घाई नको करू!"

केसर रेषेवर उभी राहिली. बॉल तीनदा आपटला. तिची सवयच ती. मग हात वर गेला आणि कोपर बाहेर गेला. केसरचा कोपर कधी बाहेर जात नसे. तापात नाही, बाळंतपणानंतर नाही, पाऊस पडून बॉल निसरडा झाला तरी नाही. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली आला.

लोकांच्या तोंडून 'हाऽऽ' निघालं.

मी खुर्चीवरून उठले. हे मला स्पष्ट आठवतं, की मी उठले. दहा पावलांवर ती होती. "केसर, टाक!" एवढेच दोन शब्द. कलम अकरा मोडलं असतं, समितीतून काढलं असतं मला, फार तर आणखी काय? शेजारचा स्कोअरर म्हणाला, "बाई, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि बसले.

दुसरा बॉल बोर्डाच्या कोपऱ्याला लागून उडाला. खामगावच्या पोरीनं तो धरला आणि वेळ संपली.

रोशनी फळीवर बसून ओंजळीत तोंड घालून रडत होती. तिला नियम ठाऊक होता; बारावी झालेली पोरगी, उतरता क्रम तिला काय नवा! तिला वाटलं, आईवर दडपण आलं, आईच्या हातून चुकलं. केसर घाम पुसत तिच्याजवळ गेली. हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं. "रडते कायले वो? थांब न तू. पाह्यजो गंमत." आणि तिनं पोरीकडे बघून डोळा मिटला. पोरगी तिच्याकडे बघतच राहिली.

तिथं मी आणखी थांबू शकले नाही. स्कोअरशीट गोळा करून मागच्या दारानं निघाले.

पुढच्या रविवारी वाटप. अमरावतीचं एक मंगल कार्यालय घेतलं होतं. स्टेजवर अध्यक्ष, समिती, समोर सहा संघांची सहा टेबलं आणि एका बाजूला नव्या पोरींच्या खुर्च्या. पोरी मान खाली घालून बसल्या होत्या, पाहुणे बघायला आल्यासारख्या. प्रत्येक टेबलावर त्या संघाच्या रंगाची नवी जर्सी ठेवली होती. पुसदची हिरवी, खामगावची लाल.

केसर हिरव्या टेबलाशी होती. लुगडं नवं, अंबाड्यात गजरा, दोन्ही हातांत कोपरापर्यंत कथलाच्या बांगड्या. सणासुदीलाच बाहेर काढायची ती. मला पाहून तिनं हसून हात केला. मी कागद चाळायला लागले.

वाचायचं मलाच होतं. घसा खाकरून मी वाचलं, "गुणांच्या उतरत्या क्रमाने. पहिला हक्क, खामगाव."

खामगावचा मालक उठलादेखील. "रोशनी राठोड."

"थांबा, थांबा," केसर उभी राहिली. अजून हसतच होती. "निमे, चुकलं वाटते तुयं वाचताना. पहिले आमी हावो न."

"नाही, केसर," मी म्हटलं.

"अवं, असं कसं? आमी तं हारलो न!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-चौघं. सगळ्यांना वाटलं, बाई थट्टा करतेय. अध्यक्ष भले गृहस्थ. ते माईकवरून समजावून सांगायला लागले, "ताई, उतरता क्रम म्हणजे वरून खाली. ज्यांचे गुण जास्त, त्यांना आधी. खामगाव जिंकलं, म्हणून खामगाव पहिलं. आता हरणाऱ्याला काही नाही, तेच तर बदललंय आपण."

केसरनं ऐकून घेतलं. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढून ठेवायचं विसरून गेल्यासारखं.

"पन आमी हारलो न, साहेब," ती पुन्हा म्हणाली. आता हळू आवाजात. "मी सोता हारवलं."

ढोले सर मटकन खाली बसले. रोशनी खुर्चीवरून उठून आईकडे बघत होती.

"आई, तू मुद्दाम चुकवले?"

केसरनं टेबलाची कड धरली होती. बांगड्या एकमेकींवर वाजत होत्या.

"आई, बोल ना. मुद्दाम?"

"तुयासाठी," केसर म्हणाली.

रोशनीला लाल टेबलाशी जावं लागलं. कुणीतरी तिच्या हातात जर्सी दिली, फोटोवाल्यानं फोटो काढला. तो फोटो पुढे पेपरात आला होता. त्यात पोरगी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

त्याच संध्याकाळी ढोले सर खामगाववाल्याच्या पाया पडले. अदलाबदल करा म्हणाले, आमच्या दोन पोरी घ्या, तीन घ्या. तो म्हणाला, "मीबी बापच हाय सर, पण नियम नियम असतो." खरंच होतं. वाटपानंतर एक वर्ष अदलाबदल नाही, कलम चौदा. कुणाचं ते सांगायची गरज नाही.

आता मी खरं सांगते. इतकी वर्षं ज्यांनी विचारलं त्यांना मी एकच सांगत आले, की माझे हात बांधलेले होते. समिती, कलम, निःपक्षपातीपणा. लोकांना पटायचंही. कुणी म्हणायचं, गावंडे बाई तत्त्वाची.

तत्त्व कसलं आलंय डोंबलाचं!

माझा शेवटचा सामना त्याच मैदानावर झाला होता, तीन वर्षं आधी. माझी आई पहिल्यांदाच बघायला आली होती. सारं आयुष्य तिनं माझ्या खेळण्याला 'उंडारणं' म्हटलं, आणि त्या दिवशी दिग्रसहून एसटीनं, डोक्यावर पदर घेऊन येऊन बसली. मी जीव ओतून खेळले. शेवटच्या मिनिटाला केसरनं माझ्या हातात यायचा पास सरळ बाहेर टाकला. मग पुढचा बॉलही. लोकांनी ओळखलं. शिट्ट्या मारल्या, चपला दाखवल्या, 'लोळण, लोळण' म्हणून ओरडले. मालकानं एकेकीला बाजूला घेऊन 'जीव तोडून' म्हटलं होतं, मला सोडून. मी ऐकणार नाही म्हणून. परत जाताना आई म्हणाली, "निमे, एवढ्या लोकांत हसं करून घ्यायला खेळत होती का गं बाई?" पुढच्या उन्हाळ्यात ती वारली. तिनं मला तेवढंच खेळताना पाहिलं.

केसरला मी विचारलं होतं तेव्हा. ती म्हणाली, "अवं, मालकानं सांगतलं. पोटाकडं पाह्य न. मनाले नको लावून घेऊ." आणि मी म्हटलं, जाऊ दे. आम्ही दोघींनी एकाच ताटात खाल्लं त्यानंतरही. मला वाटलं, विसरले मी.

पण त्या शनिवारी, पहिला बॉल कडेला लागून खाली आला, मी उठले आणि बसले, तेव्हा मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. मनात आलं, 'घे आता. लोळण घेतेस ना? भोग.' इतकंच. तेवढ्या वेळात दुसरा बॉल गेलाही होता.

नियम चांगला होता, हे मात्र कुणालाही विचारा. त्यानंतर आमच्या लीगमध्ये लोळण म्हणून कुणी घेतली नाही. माझा सत्कार केला त्यांनी, शाल-श्रीफळ देऊन.

पुढच्या मोसमात जानेवारीत खामगाव विरुद्ध पुसद, सामना खामगावला. मी निरीक्षक. केसरच्या गुडघ्याला जाड पट्टा होता, तरी ढोले सरांनी तिला उतरवलं. समोर लाल जर्सीत रोशनी. पोरीला आईच अडवायला आली.

रोशनीनं बॉल घेतला, आईला समोर पाहिलं आणि दुसरीकडे पास देऊन टाकला. पुन्हा बॉल आला, पुन्हा पास. तिसऱ्यांदा केसरच ओरडली, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी, "टाक न वो माये! मायकडं कायले पाह्यते? रिंगकडं पाह्य!"

पोरीनं आईच्या हातावरून बॉल टाकला. पडला. पुसदची कर्णधार खामगावच्या बास्केटला टाळी वाजवताना मी पहिल्यांदा पाहिली. ढोले सरांनी मान फिरवली.

त्यानंतर थोड्याच वेळात, पोरीच्या मागे वळताना केसरचा गुडघा गेला. आवाज मला टेबलापर्यंत आला. रोशनी बॉल टाकून देऊन धावली आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शिट्ट्या वाजत राहिल्या. मी घड्याळ पाहिलं, कारण ते माझं काम होतं. मायलेकी एका मैदानावर होत्या अकरा मिनिटं. त्यानंतर केसर कधी खेळली नाही.

सामना संपल्यावर कर्णधारांनी स्कोअरशीटवर सही करायची असते. दुसऱ्या कुणी केली असती तरी चाललं असतं, पण केसर भिंतीला धरून लंगडत टेबलाशी आली. सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. पेन खाली ठेवलं नाही.

"निमे," ती म्हणाली. "एक इचारू? खरं सांगजो."

"विचार."

"त्या दिशी मी तुया ऑफिसात आली होती. तवा तुले समजलं होतं का वो, का मी उलटं समजून रायली म्हणून?"

वर्षभर तिनं हे मनात ठेवलं असणार. कुणाला विचारलं नसणार. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी खरं बोलले असते, निदान मला तसं वाटतं. ती घाबरलेली होती. मी 'हो' म्हणेन म्हणून घाबरलेली होती.

"नाही गं," मी म्हटलं. "मला कसं समजणार? तू डोळा मारलास, मला वाटलं तुला कळलं."

तिनं मोठा श्वास सोडला. सारं अंग सैल पडलं तिचं.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "तुयी काय चूक मंग? मायं डोकंच अडानी." तिनं पेन माझ्या हातात दिलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "उगाच वरीसभर तुयावर संशय घेतला वो मी. माफ करजो मले."

मग तिनं माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि मी तिला धरून बाहेर नेलं, जिथं रोशनी रिक्षा थांबवून उभी होती.